गयाबाईंच्या दाराची रिले

धाराशिव जिल्ह्यात मला नावानं ओळखणारे थोडेच. ‘भोंगेवाल्या मॅडम’ म्हटलं की मात्र परंड्यापासून उमरग्यापर्यंत कुणीही माझ्या दुकानाचा पत्ता सांगेल. घरात चोर शिरला की भोंगा वाजावा, अशी सोय करून देणं हा माझा धंदा. दाराला, खिडकीला, कपाटाला लहान लहान सेन्सर लावायचे, त्यांच्या वायरी एका डब्यात आणायच्या आणि डब्यातून भोंग्याकडे न्यायच्या. सांगायला काम एवढंच आहे. पण ते करता करता मी जेवढी घरं आतून पाहिली, तेवढी मतं मागणाऱ्यांनीही पाहिली नसतील. त्यातून मी बाई. त्यामुळे पुरुष वायरमनला ओसरीवर थांबवतात तिथं मला थेट चुलीपर्यंत नेतात, आणि वायर ओढून होईपर्यंत घरातली सगळी गाऱ्हाणी ऐकवतात. चोराची भीती हे त्यातलं एखादंच असतं.

आमचं घर मेंढरांचं. अण्णांनी जन्मभर मेंढरं राखली. शाळा त्यांनी पाहिली ती कुंपणाबाहेरून, मेंढरं पुढं हाकताना. आमच्या सात पिढ्यांत कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.एस्सी. झाले, विषय इलेक्ट्रॉनिक्स. निकालाच्या दिवशी अण्णांनी गुणपत्रिका उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, “आता याचं काय करत्यात?” उत्तर दिलं ते आमच्या प्रॅक्टिकलच्या सरांनी. त्यांनी एक जुनी रिले माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, “ही घेऊन जा, आणि घरी कशाला तरी लावून दाखव.” मी ती मेंढवाड्याच्या फाटकाला लावली. फाटक हललं की भोंगा. अण्णांनी दोन दिवस निरखून पाहिलं आणि म्हणाले, “कुत्र्याला भाकरी लागती, तुझ्या डब्याला बॅटरी लागती. पर डबा चावत न्हाय, हे बरं हाय.” माझ्या पदवीला घरातून मिळालेली ही पहिली शाबासकी. त्या सरांचे उपकार मी अजून फेडते आहे असंच मला वाटतं. नवीन रिले हातात घेतली की त्यांची आठवण होते.

रिले म्हणजे काय, हे मला रोज कुणाला तरी समजावून सांगावं लागतं. मी असं सांगते. घरात एक म्हातारी आहे आणि एक दांडगा मुलगा आहे. म्हातारी बसल्या जागेवरून हळूच म्हणते, “पोतं उचल.” तिच्यात पोतं उचलायचं बळ नाही, पण तिच्या शब्दासरशी मुलगा उठतो आणि उचलतो. दारावरचा सेन्सर ही म्हातारी, भोंगा हे पोतं, आणि मधला मुलगा म्हणजे रिले. काडेपेटीएवढा डबा. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं. त्यात थोडीशी वीज गेली की त्याचं लोहचुंबक होतं, ते एक पातळ पट्टी ओढून घेतं, आणि पट्टी मोठ्या कामाचा जोड लावते. पट्टीला दोन बाजू असतात. एका बाजूचा जोड वीज आली की लागतो, दुसऱ्या बाजूचा वीज गेली की लागतो. कोणत्या बाजूला वायर लावायची, या निवडीतच माझं निम्मं शिक्षण आहे. बाकीचं निम्मं म्हणजे शिडीवर न घाबरता चढणं.

सगळं काम बारा व्होल्टवर चालतं. उघड्या तारेला हात लावला तरी काही होत नाही. गिऱ्हाइकाला खात्री पटावी म्हणून मी स्वतः लावून दाखवते. तामलवाडीच्या एका बागायतदार काकांना मी असाच हात लावून दाखवला, तर त्यांचं तोंड उतरलं.

“म्हंजी करंट बसत न्हाय?”

“नाही काका. अगदी सुरक्षित आहे.”

“अहो, मग चोराला काय हुनार?”

“चोराला काही होणार नाही. भोंगा वाजेल, तो पळून जाईल.”

“पळून जाईल!” काका बायकोकडे वळून म्हणाले, “ऐकलंस का? चोराला पळवून लावायला आपण मिशीन बसवायलोय. त्याला च्या बी पाजू.” शेवटी काकूंनीच “बसवा हो बाई, यांचं ऐकू नका” म्हणून काम पुरं करून घेतलं.

सोनारीचं काम तर मी कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं. तिथं भैरवनाथाच्या देवळापाशी माकडांचा मोठा राबता. देवळाजवळच्या एका नानांनी माझ्याकडून खिडक्यांना सेन्सर लावून घेतले आणि चारच दिवसांत फोन केला, भोंगा काढून न्या म्हणून. माकडं खिडकी ढकलत होती आणि भोंगा वाजत होता. मी म्हटलं, वाजू द्या की, माकडं येणार नाहीत.

“तेच तर!” नाना कळवळून म्हणाले. “देवाची लेकरं ती. ती माझ्या दारातून भोंग्याच्या भ्यानं माघारी गेली तर मला गावात तोंड दाखवायला जागा राहील का?”

मग मी भोंग्याची वायर काढली आणि त्याच रिलेला स्वयंपाकघरातली एक लहानशी घंटी जोडून दिली. खिडकी हलली की घंटी वाजते, नानी भाकरीचा तुकडा घेऊन खिडकीशी जातात, आणि माकड तो घेऊन बाहेरच्या बाहेर जातं. चोर आला तर त्यालाही भाकरी मिळेल, असं मी नानांना सांगून ठेवलं आहे. ते म्हणतात, मिळू दे.

अशी कामं आठवली की हसू येतं. पण मी हा धंदा का करते असं कुणी विचारलं, तर मी सास्तूरचं काम सांगते.

एके दिवशी दुकानात भास्कर नावाचा तिशीतला माणूस आला. सास्तूरचा, टेम्पो चालवणारा. बराच वेळ नुसता डबे बघत उभा राहिला आणि मग म्हणाला, “ताई, बाजेभोवती भोंगा लावता येतो का?”

“बाजेभोवती?”

“माझी आई घरात झोपत न्हाय. अंगणात नाहीतर गोठ्यात पत्र्याखाली बाज टाकती. पावसाळा असो, थंडी असो. कैक वर्षं झाली, असंच हाय. आता मला पुण्याकडं एका कंपनीच्या बसवर कायमची नोकरी लागली. एक तारखेला हजर व्हायचंय. बायको-लेकरू संगं न्यायचंय. आई म्हणती, मी म्हैस सोडून येत न्हाय. मग गोठ्यात एकटी झोपणार. गेल्या पावसाळ्यात तिथं फुरसं निघालं होतं. मी कसा जाऊ सांगा.”

अशीच एक नोकरी त्यानं आधीही सोडली होती. या वेळीही आई घरात झोपली नाही तर जायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं. ही सोडली तर पुन्हा कोण बोलावणार, हेही त्याला कळत होतं.

त्र्याण्णवच्या भूकंपात गाव पडलं तेव्हा भास्कर कडेवरचं लेकरू होता. आता ते पुनर्वसनाच्या सिमेंटच्या घरात राहतात. त्यानं मला सगळं सांगितलं. आई स्लॅबला भिते. जुन्या घराच्या मातीच्या जड माळवदानं माणसं गाडली, ते तिच्या मनातून जात नाही. त्यानं तिला सळया दाखवल्या, एका ओळखीच्या इंजिनियरला घरी आणून बोलायला लावलं, भिंतीवर हातोडा मारून दाखवला. गयाबाई, म्हणजे त्याची आई, सगळं ऐकून घ्यायच्या, मान हलवायच्या आणि बाज उचलून गोठ्यात जायच्या.

बाजेभोवतीचा भोंगा मला काही पटत नव्हता. बाजेवरून पाय खाली टाकला तरी वाजणार. पण पाहून येऊ म्हणून मी सास्तूरला गेले.

गयाबाई धार काढत होत्या. बारीक अंगाच्या, हात मात्र चपळ. माझ्या पिशवीतल्या वायरी पाहून त्यांनी न वळताच विचारलं, “भास्करनं आणली व्हय तुला? कुणाची गं तू?”

मी आमचं गाव सांगितलं, अण्णांचं सांगितलं.

“मेंढरावाल्याची! मंग तू बी उघड्यावरच वाढलीस की. तुला काय सांगायचं.” त्यांनी चरवी बाजूला ठेवली. “बस.”

मी गवताच्या पेंडीवर बसले. भास्कर गव्हाणीला टेकून उभा होता. मी सरळच विचारलं, “मावशी, स्लॅबची भीती वाटते का?”

“स्लॅबला कोन भ्यालंय?” त्या चकित होऊन म्हणाल्या. “दिसभर मी आतच असते की. भाकरी आत करते, दुपारी घटकाभर आडवी बी हुते. तवा दार उघडं असतंय.”

“म्हणजे दाराची...”

“दाराची.” मग म्हशीच्या पाठीवर हात फिरवत त्या बोलत राहिल्या. गणपती बुडवून गाव झोपलं होतं. आधी जमिनीच्या पोटातून आवाज आला. त्या भास्करला उचलून दाराशी धावल्या. दाराला आडवा अडसर होता. भिंत हलून अडसर चौकटीत असा आवळला होता की निघेना. “मी आतून वढायले, दीर भाईरून ढकलायला. कडेवर हा. मागं ह्याचा बाप, म्हनायलाय व्हतंय, व्हतंय. दिरानं पहारीनं फळी फोडली. फटीतून ह्याला दिला. मंग मी निघाले. तवर मागचं सगळं बसलं. त्यो आतच ऱ्हायला.”

मग भास्कर म्हणाला, “आई, तू हे कधी बोलली न्हाईस.”

“तू कधी इचारलंस? तू आपला सळया दाखवायलास.”

मी म्हटलं, “मग मावशी, दार उघडं ठेवून आत झोपायचं की.”

“झोपले की. हा पंधरा-सोळा वर्षांचा असंल. रात्री जाग आली तर दार बंद. दुसऱ्या रोजी बी तसंच. ह्योच उठून गुपचूप कडी घालायचा. तवा म्या बाज भाईर नेली ती नेलीच.”

भास्करचा चेहरा बघवत नव्हता. “मला वाटलं तुला गार लागंल,” तो म्हणाला.

“ठाव हाय मला,” गयाबाई म्हणाल्या. “म्हून तर तुला बोलले न्हाय.”

परत येताना गाडीवर मी त्या दाराचाच विचार करत होते. आमच्या धंद्यात दार म्हणजे बंद राहणारी वस्तू. ते उघडलं की आम्ही आरडाओरडा करतो. या बाईंना हवं होतं ते नेमकं उलटं: रात्रभर बंद राहील, पण काही बिघडलं की आपण होऊन सोडून देईल असं दार. आणि असं दार करता येतं! मला एकदम इतका आनंद झाला की मी गाडी थांबवून रस्त्याच्या कडेला पिशवीवर बोटानं वायरिंग काढलं.

लोहचुंबकाचं कुलूप मिळतं. चौकटीवर चुंबक, दारावर लोखंडी पट्टी. वीज असेपर्यंत दोन माणसांनी ओढलं तरी दार हलत नाही. वीज तोडली की दार मोकळं. त्याला कडी नाही, अडसर नाही, आवळण्यासारखं काहीच नाही. घराची वीज गेली तरी बारा व्होल्टची बॅटरी ते धरून ठेवते, नाहीतर आमच्याकडं भारनियमनात चोरांचीच सोय व्हायची. आता या कुलपाची वीज रिलेतून न्यायची, आणि वायर लावायची ती वीज आली की जोड लागतो त्या बाजूला. म्हणजे सगळं ठीक असेल तोवरच रिले ओढलेली राहील आणि दार धरलेलं राहील. भिंतीवर हादऱ्याचा सेन्सर लावायचा. तिजोरी फोडताना हादरे बसतात ते ओळखायला आम्ही तो वापरतो. हादरा बसला की रिले सुटेल, दार सुटेल. पट्टीच्या दुसऱ्या बाजूला भोंगा आणि लाल दिवा, म्हणजे दार सुटताच गल्ली जागी होईल. आणि उशाशी एक बटण. ते दाबलं की नुसतं दार उघडेल, भोंगा गप्प.

हे सगळं मी गयाबाईंना सांगितलं. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगणं भाग होतं. “मावशी, हे भूकंपाचं यंत्र नाही. भूकंप कधी येणार ते मला कळत नाही. आणि चौकटच वाकडी झाली तर माझी रिले काही करू शकणार नाही.”

“चौकटीचं मी बगते,” त्या म्हणाल्या. “तू मला कडीचं सांग.”

आणि त्यांनी खरंच पाहिलं. मी पुढच्या वेळी गेले तेव्हा सुताराला बोलावून त्यांनी दार बाहेरच्या बाजूला उघडेल असं बसवून घेतलं होतं, आणि चारही बाजूंनी फट ठेवायला लावली होती. सुतार कुरकुरत होता की अशा फटीचं दार मी जन्मात केलं नाही, लोक मला नावं ठेवतील. गयाबाई म्हणाल्या, “ठिवू दे. फटीतून वारा येईल, चोर न्हाय येनार.”

दिवसभर खपून मी काम पुरं केलं. कुलूप धरलं, रिले ओढली गेली, सगळं ठीक असल्याचा हिरवा दिवा लागला. आम्ही सगळे चहाला बसलो आणि पहिला घोट घेतो न घेतो तोच भोंगा वाजला, दार सताड उघडलं. गल्लीतली माणसं धावत आली. काही दिसेना. पुन्हा लावलं, पुन्हा थोड्या वेळात तेच. तिसऱ्या वेळी मी घराला फेरी मारली. मागच्या कोपऱ्यावर म्हैस उभी होती आणि डोळे मिटून, मोठ्या समाधानानं, भिंतीला पाठ घासत होती.

“आई, म्हैस दुसरीकडं बांधू,” भास्कर म्हणाला.

“का म्हून? ती रोज तिथंच खाजवती. तिनं कुठं जायचं?”

मी सेन्सरचा स्क्रू कमी केला. तर मग आतून मुठीनं ठोकलं तरी त्याला कळेना. वाढवला तर म्हैस. संध्याकाळ व्हायला आली आणि एक तारीख चार दिवसांवर होती. भास्कर सारखा दाराकडं बघत होता. गयाबाईंनी बाज गोठ्याकडं न्यायला घेतली.

त्यांच्यामागून मी त्या कोपऱ्याकडं बघत राहिले आणि मला एकदम सुचलं: म्हैस एकाच भिंतीला खाजवते. धरणी हलली तर सगळ्याच भिंती हलतील.

दुसऱ्या दिवशी मी दुसरा सेन्सर आणि दुसरी रिले घेऊन गेले. एक सेन्सर मागच्या भिंतीवर होताच, दुसरा समोरच्या कोपऱ्यात लावला. दोन्ही रिलेंचे जोड शेजारी शेजारी जोडले, म्हणजे एक सुटली तरी दुसरी दार धरून ठेवते. दोन्ही एकदम सुटल्या तरच दार सुटतं आणि भोंगा वाजतो. एका वाटेवरचं फाटक पडलं तरी शेजारच्या वाटेनं वीज जात राहते, असं भास्करला सांगितलं. तो टेम्पोवाला, त्याला वाटांचं लगेच समजलं. म्हैस पुन्हा भिंतीला लागली. आतली एक रिले टकटक करत राहिली, दुसरी ढिम्म हलली नाही, दार बंद राहिलं. गल्लीतल्या पोराबाळांनी टाळ्या वाजवल्या. म्हशीनं कुणाकडंही पाहिलं नाही.

आता दुसरी परीक्षा. सगळं घर एकदम हलवायचं कसं? गल्लीत चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं ट्रॅक्टर आणू, कुणी म्हणालं उखळ टाकू. एक आजीबाई म्हणाल्या, “अगं, उड्या मारू की सगळ्या मिळून!”

घरात बायका भरल्या. काही पुरुषही आले, संकोचून भिंतीला चिकटून उभे. पण उड्या मारायच्या म्हटल्यावर साठीपुढची माणसं मागं सरली. त्यांनी ते हलणं अंगावर घेतलेलं होतं. खोटं खोटं हलवायलाही मन धजेना. मीही म्हटलं, राहू द्या, दुसरं काही करू.

गयाबाई पुढं झाल्या. “दार लाव,” मला म्हणाल्या.

मी दार लावलं. चुंबकानं पट्टी धरली. त्या बंद दाराच्या आत उभ्या होत्या, माझा हात घट्ट धरून. त्यांनी दाराकडं तोंड केलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, “मारा गं उड्या. काय लगीन हाय का, वाट बगायलाव?”

एकच धडाका झाला. भांडी खणखणली, भोंगा किंचाळला, लाल दिवा लागला, आणि दार... दार नुसतं सुटलं नाही, वाऱ्यानं बाहेर झुललं. समोर अंगण, ऊन, म्हैस. गयाबाई दोन पावलं चालून उंबऱ्याबाहेर गेल्या. तिथून वळल्या आणि हसायला लागल्या. “पुन्यांदा,” म्हणाल्या. “पुन्यांदा लाव.” तिसऱ्या खेपेला तर त्या स्वतः उड्या मारत होत्या, पदर खोचून. मघाच्या आजीबाई धापा टाकत म्हणाल्या, “गया, दार धड हाय, पर माझं गुडघं गेलं. त्याला काय रिले बसवायची का?”

अलीकडं सगळं मोबाईलवर आलं आहे. वायरी नाहीत, रिले दिसत नाही, ॲपवर बोट टेकलं की झालं. नवी मुलं पटापट बसवतात, मीही बसवते. पण त्यात कुणाच्या गोठ्यात पेंडीवर बसायची वेळ येत नाही, याचं मला वाईट वाटतं. आणखी एक वाटतं. मी लहान असताना गावाकडची घरं दिवसा उघडीच असायची. आता मी गावोगाव दारं बंद करत फिरते, आणि त्यावर माझं घर चालतं. याचं काय करावं, ते मला अजून नीट कळलेलं नाही.

भास्कर एक तारखेच्या आदल्या दिवशी बायको-लेकराला घेऊन गेला. जाताना गयाबाईंनी त्याला सांगितलं होतं, “आज आत झोपते.” तो मला फोनवर म्हणाला, “ताई, म्हणती खरी. पर ती मला बरं वाटावं म्हणून बी म्हणंल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लोहाऱ्यात एका कामावर शिडीवर होते, तेव्हा त्याचा पुन्हा फोन आला. “ताई, आई फोन उचलंना. पहाटेपासनं लावायलोय. तिला सूर्य उगवायच्या आधी जाग असती, कायमची. शेजारी लावला तर ते म्हणले, दार बंद हाय, म्हैस वरडायलीय, हाका मारल्या तर ओ देत न्हाय. माझी बस भरत आली ताई, पहिला दिवस हाय, पर माझा पाय वर चढंना. मी माघारी येऊ का?”

“थांब,” मी म्हटलं. “मी जाते. मी सांगेपर्यंत निघू नको.”

लोहाऱ्याहून सास्तूर काही लांब नाही, पण तो रस्ता मला त्या दिवशी संपेना. बाई दाराला भीत होत्या आणि ते दार मी बंद करून आले होते. बटण दाबलं गेलं नसेल का? वायर सैल राहिली का? मी प्रत्येक जोड मनातल्या मनात पुन्हा आवळत होते.

अंगणात निम्मी गल्ली जमली होती. गोठ्यात बाज उभी करून ठेवलेली होती, आणि दावणीवरच्या खुंटीला अडकवलेला गयाबाईंचा फोन वाजत होता, रोज तिथंच अडकवायची सवय त्यामुळं. मी धावत दाराशी गेले. फटीतून आतला हिरवा दिवा दिसला. म्हणजे सगळं शाबूत होतं. मी दोन्ही हातांनी दार बडवलं. “मावशी! ओ मावशी!”

आतून काही नाही. पुन्हा बडवलं. मग आतून पलंग करकरला, आणि दार माझ्या हाताखालून सुटून माझ्याच कपाळावर आलं.

गयाबाई दारात उभ्या होत्या. केस सुटलेले, गालावर गोधडीच्या टाक्यांचे वळ, डोळे धड उघडत नव्हते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, गल्लीकडं पाहिलं. “काय गं? कोन मेलं?”

“कुणी नाही मावशी. नऊ वाजायला आले.”

“चल, खोटं.” त्यांनी अंगणात पाहिलं. ऊन पार गोठ्याच्या पत्र्यावर चढलं होतं. त्यांनी पदर तोंडाला लावला. “अगं माय! म्हशीची धार!” आणि मग लाजून, एखाद्या सासुरवाशिणीसारख्या, खाली बघून हसायला लागल्या. सगळी गल्ली हसायला लागली. मघाशी रडवेली झालेली एक शेजारीण ओरडली, “आमचा जीव खालीवर व्हायलाय, आन् तू घोरायलीस व्हय गं?”

“मंग झोपू द्यायचं की मानसाला,” गयाबाई म्हणाल्या. “दार कशाला बडवायलाव?”

मी कपाळ चोळत भास्करला फोन लावला. पहिल्या रिंगलाच उचलला.

“भास्कर, मावशी झोपल्या होत्या.”

“झोपली होती?”

“हो. आत्ता उठल्या.”

“आत?”

“आत.”

“दार लावून?”

“दार लावून.”

पलीकडून बसचं दार लागल्याचा आवाज आला. मग त्यानं नाक ओढलं आणि म्हणाला, “बरं ताई. बस काढतो मग. लोकं थांबल्यात.”